टर्बोचा दोष की टर्बोवरचा आळ? #थ्रेड

१/ परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले लहानसे रेल्वे स्थानक. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातील हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग येथून गेला. पुढे त्यावर वायडीएम-४ ही डिझेल इंजिने धावू लागली. आपल्याकडच्या मोटारींत टर्बोचार्जर येण्याच्या कितीतरी आधी तो या रुळांवर होता.

२/ मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची, पेटंट १९०५ चे. वाया जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची.

३/ दोष ओळखण्याची विद्या रेल्वेच्या शेडमध्ये मुरली. वेग वाढवताना क्षणभर निघणारा काळा धूर स्वाभाविक, कारण डिझेल लगेच पोहोचते आणि हवा मागे राहते. धूर टिकून राहिला, तर मात्र बिघाड. इंजिन बंद केल्यावर टर्बो किती वेळ फिरत राहतो, हेही मोजले जाई. तो लवकर थांबला, तर बेअरिंगवर संशय.

४/ मोटारींच्या इतिहासात मात्र आधी चुकीचे निदान आले. १९६२ ची अमेरिकन ओल्ड्समोबाइल जेटफायर टर्बोसोबत पाणी व मिथेनॉलाच्या मिश्रणावर चाले. मालक टाकी भरायला विसरत. मग यंत्रणा हवेचा दाब आपोआप कमी करी. गाडी मंदावे आणि दोष टर्बोला लागे. अखेर कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले.

५/ १९९८ मध्ये पुण्याची टाटा सफारी टर्बो डिझेल घेऊन आली. आज पूर्णा-नांदेड रस्त्यावर अशा गाड्या सर्रास दिसतात. जुनी चूकही सोबत आली आहे.

६/ ओढ कमी झाली, काळा धूर आला, की प्रथम एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे होज तपासावेत. फाटलेल्या होजमधून ‘फुस्स’ आवाज येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण ते टर्बोतूनच येते असे नाही, पिस्टन रिंगही झिजलेल्या असू शकतात. पाती घरावर घासत असतील, दांडा मागेपुढे हलत असेल, तरच टर्बो दोषी.

७/ तेव्हाही मूळ कारण शोधलेच पाहिजे. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा तो दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइलची नळी काजळीने तुंबलेली राहिली, तर नवा टर्बोही जळतो.

८/ जेटफायरच्या मालकांनी रिकामी टाकी पाहिली असती, तर इतिहास वेगळा झाला असता. टर्बो बहुधा गुन्हेगार नसतो. तो बळी असतो.