शेठची सही
नातू सांगत होता, अमेरिकेत अकुशल कामगारासाठीही मालकाने अर्ज केला तर ग्रीन कार्ड मिळू शकतं. वर्षाला जास्तीत जास्त १०,०००. मला १९७८ची उधन्याची आमची शाखा आठवली. सुरत-भुसावळ गाडीने खानदेशातली पोरं लूमवर यायची. १ मे १९६० पासून ती परराज्यातली. परवाना लागत नव्हता, देश एकच हो! पण खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे, आणि यांच्या ओळखीचा खातेदार म्हणजे शेठच. शेठ टाळाटाळ करी. खातं नाही म्हणून शिल्लक पगार त्याच्याकडेच राही, मग पोरगा काम सोडणार कसा? धुळ्याकडच्या एकासाठी शेवटी मीच सही केली. साहेब चिडले. त्याचं आता लिंबायतला घर आहे, रेशनकार्डही सुरतचं.