आधी नाव, मग रूप

पुस्तकात ग्रंथाचे नाव तिरप्या अक्षरांत छापतात आणि जोर द्यायचा शब्दही तिरप्याच अक्षरांत. वाचकाला फरक कळतो. यंत्राला कसा कळावा?

पूर्वी संपादक हस्तलिखिताच्या समासात 'हे ठळक घ्या' असे लिहीत. संगणक आल्यावर अशा सूचना संकेतांच्या रूपाने मजकुरातच शिरल्या. पण एका प्रोग्रॅमचे संकेत दुसऱ्याला समजत नसत.

१९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडात एका बैठकीत आशय आणि मांडणी वेगळी ठेवावी, असा विचार मांडला. १९६९ मध्ये आयबीएममधील गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांच्यापुढे वकिलांच्या कागदपत्रांचे काम होते. तीच कागदपत्रे लिहायची, शोधायची आणि छापायची होती. त्यांनी खुणेने रूप सांगणे सोडले आणि घटकाचे नाव सांगितले : 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'ही टीप'. शीर्षक कसे दिसावे, ते वेगळ्या जागी एकदाच ठरवायचे. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जुळवून या पद्धतीला 'जीएमएल' नाव मिळाले. तिच्यातून १९८६ मध्ये 'एसजीएमएल' हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. वेब पानांच्या 'एचटीएमएल'ने त्याचाच आधार घेतला.

पण जुनी खोड जाईना! अक्षरांचा रंग-आकार सांगणाऱ्या खुणा तिथेही आल्या. १९९६ मध्ये 'सीएसएस'ने रूपाला पुन्हा स्वतंत्र जागा दिली.

हा केवळ नीटनेटकेपणा नव्हे. अंध वाचकाला पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम 'शीर्षक' ही खूण ओळखून पुढच्या शीर्षकावर नेतो. नुसत्या मोठ्या, ठळक अक्षरांवरून त्याला वाट सापडत नाही.