खिळ्यांचे टायर आणि सेंदाईची धूळ

बर्फाळ रस्त्यावर गाडी सुखरूप कशी चालवायची, या प्रश्नाला विसाव्या शतकाने बराच काळ एकच उत्तर दिले: टायर सुधारा. फिनलंडमध्ये १९३४ साली मालट्रकांसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी खास हिवाळी टायर निघाले. पुढे १९६०च्या दशकात टायरच्या रबरात कठीण धातूचे खिळे ठोकण्याची पद्धत थंड देशांत पसरली. खिळ्याचे टोक बर्फात रुतते, ब्रेक लागतो, चढावर चाक जागच्या जागी फिरत बसत नाही. जपानच्या उत्तरेकडच्या शहरांनी हे टायर मनापासून स्वीकारले, यात नवल नाही. पण गाडीत बसलेल्याची सुरक्षितता म्हणजे रस्त्याची सुरक्षितता नव्हे, हेही जपानलाच सर्वांत कडवटपणे उमगले, असे मला वाटते.

हे उमगले ते सेंदाई शहरात. तिथे थंडी कडक, पण बर्फ बेताचाच. हिवाळ्यातले कितीतरी दिवस रस्ता उघडा आणि कोरडा असे, आणि हजारो गाड्यांचे खिळे बर्फाऐवजी थेट डांबर कुरतडत. रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या, पांढरे पट्टे पुसले गेले, आणि डांबर-खडीचा बारीक भुगा हवेत मिसळला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही धूळ घराघरांत शिरू लागली. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालायची सोय उरली नाही, पादचारी तोंडाला मास्क लावून फिरू लागले. तक्रार आधी नागरिकांनी केली, सरकार नंतर हलले. सेंदाई ज्या मियागी प्रांतात आहे त्याने १९८५ साली या टायरांविरुद्ध स्वतःचा नियम केला. १९८८ साली सरकारी लवादापुढे टायर कंपन्यांनी तडजोड मान्य केली: १९९०च्या अखेरीस उत्पादन बंद. १९९० सालीच संसदेचा कायदाही आला. बर्फ नसलेल्या पक्क्या रस्त्यावर खिळे वापरणे गुन्हा ठरले. रुग्णवाहिका, अग्निशमन अशा गाड्यांना तेवढी सूट मिळाली.

यावरचा आक्षेप हलका नाही. धुळीने माणूस हळूहळू आजारी पडतो, घसरलेली गाडी त्याच क्षणी जीव घेते. मग धुळीसाठी ब्रेकची पकड का सोडायची? साप्पोरोने हा आक्षेप काही अंशी खराही करून दाखवला. सुमारे वीस लाख वस्तीच्या या शहरात दर हिवाळ्यात एकूण पाचेक मीटर बर्फ पडतो. खिळे होते तोवर ते रस्त्यावरचा बर्फ सतत खरवडत, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत राही. ते गेले आणि सिग्नलपाशी मऊ रबराची चाके थांबता-निघताना जागीच फिरून तोच बर्फ घासू लागली. चौक आरशासारखे गुळगुळीत झाले. गाड्या घसरू लागल्या, आणि पायी चालणारेही जास्त पडू लागले. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्याने हे लपवू नये.

तरीही या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे: पकड द्यायची ती टायरनेच. खिळे गेल्यावर ती जबाबदारी वाटली गेली. टायर कंपन्यांनी थंडीतही मऊ राहणारे, बारीक छिद्रांचे रबर आणले. बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो तेव्हा त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तोच सर्वांत निसरडा. ती छिद्रे तो थर शोषून घेतात. नगरपालिकांनी बर्फ वितळवणारी रसायने टाकली, चढांवर आणि चौकांत रस्त्याखाली उष्णतेच्या वाहिन्या घातल्या. चालकांना वेग उतरवावा लागला, पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे लागले. सारे खर्चाचे आणि कटकटीचे खरे. पण आधीचा खर्चही होताच, तो फक्त गाडी नसलेल्यांच्या छातीतून वसूल होत होता.

फिनलंड-स्वीडनमध्ये खिळे आजही चालतात, हा दुसरा दाखला नेहमी पुढे केला जातो. तिथे मैलोन् मैल निर्जन रस्ते महिनोन् महिने गोठलेले असतात, म्हणून तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण दाट वस्तीत प्रश्न बदलतो: स्टॉकहोमने २०१० साली हॉर्न्सगाटान या रहदारीच्या रस्त्यावर खिळ्यांच्या टायरांना मनाई केली, कारण तेच, हवेतली धूळ. साप्पोरोच्या चौकांत आता वाळूच्या पेट्या असतात. रस्ता ओलांडणाराच त्यातली वाळू काढून निसरड्या जागी पसरतो. खिळ्यांच्या काळात त्या माणसाचा विचार कोणत्याही टायरच्या रचनेत नव्हता.