स्टीफन्सचे लिस्बनमधले आठ दिवस



माझी भाची डब्लिनला नर्स आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "मामा, इस्टरनंतर तीन दिवस सुट्टी आहे. लिस्बनला जाऊन येणार. काय बघू ते सांगा." यादी तिने आधीच केली होती : पिवळी ट्राम, टेकडीवरचा किल्ला, बेलेंची कस्टर्डची पेस्ट्री. माझा स्वतःचा प्रवास गोवा, पुणे आणि वेलांकणी एवढाच. टिळकवाडीत बसून मी लिस्बनचे काय सांगणार? पण ख्रिस्तपुराणाच्या निमित्ताने त्या शहराबद्दल थोडे वाचले होते. म्हणून तिला म्हटले, तुझ्यासारखाच एक माणूस घाईगडबडीत लिस्बनला गेला होता, त्याच्या वाटेने जा.

तो माणूस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशरमधला, रोममध्ये येशूसंघात दाखल झालेला. १५७९ च्या मार्चअखेरीस तो इटलीहून लिस्बनला पोहोचला, तेव्हा गोव्याची जहाजे सुटायला फक्त आठ दिवस उरले होते. खरे तर ती आधीच निघून गेली असती. काही महत्त्वाच्या कामांमुळे थांबली होती. हे लोक येत नाहीत असे समजून त्यांच्या जागी दुसऱ्यांची नेमणूकही झाली होती. हे सारे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, गोव्याहून १० नोव्हेंबर १५७९ रोजी आपल्या वडिलांना पाठवलेल्या पत्रात. ती जहाजे ठरल्या वेळी सुटली असती तर मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले असते का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आपल्याकडे एसटी चुकली तर आपण सगळा दिवस वाया गेला म्हणतो!

त्या आठ दिवसांत त्याने कोणते लिस्बन पाहिले असेल? शहर दुःखात होते. आदल्या वर्षी, ऑगस्ट १५७८ मध्ये, तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोच्या लढाईत सैन्यासह नाहीसा झाला होता आणि गादीवर वृद्ध कार्डिनल हेन्री बसला होता. तरीही ४ एप्रिलला पाच जहाजे निघाली ती कर्णे वाजवत, तोफा उडवत. जहाजांवर खलाशी आणि सैनिकांबरोबर पुष्कळ लहान मुले होती. समुद्राचा त्रास मोठ्यांपेक्षा मुले चांगली सोसतात, असे स्टीफन्स लिहितो.

यातले आज काय उरले आहे, हे भाचीला सांगणे गरजेचे होते. कारण १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी, लोक मिस्सेला चर्चमध्ये जमलेले असताना भूकंप झाला. मागून समुद्राची लाट आली, आणि मग आग दिवसचे दिवस जळत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला; तिथे आता मोठा मोकळा चौक आहे. कार्मो मठाच्या चर्चचे छत पडले ते आजही तसेच आहे, कमानींवर नुसते आकाश. पण येशूसंघाचे साव रोक चर्च बरेचसे वाचले. बेलेंचा जेरोनिमो मठ आणि नदीतला बुरूजही वाचले. हे दोन्ही स्टीफन्सच्या वेळी उभे होते, म्हणजे जहाज तेजो नदीतून समुद्राकडे जाताना त्याच्या नजरेसमोरून गेलेच असणार. संत फ्रान्सिस झेवियरही १५४१ साली याच पाण्यातून निघाले होते. म्हणून तिला सांगितले, पेस्ट्री जरूर खा, पण संध्याकाळी तासभर त्या काठावर उभी राहा.

फातिमा? आपल्या कॅम्पातले कॅथेड्रल फातिमा मातेचे, तेव्हा जाण्याची इच्छा होणारच. पण ते लिस्बनपासून सव्वाशे किलोमीटरवर आहे, जाऊन येऊन दिवस मोडतो. तीन दिवसांत जमले तर जमले. संत अंतोनीचे मात्र जवळ आहे. आपण त्याला पादुआचा म्हणतो, पण जन्म लिस्बनचा. कॅथेड्रलशेजारीच त्याचे चर्च आहे.

एक जागा तिच्या यादीत नव्हती आणि माझ्या यादीत ती पहिली होती. रोसियू चौकाजवळचे साव दोमिंगो चर्च. एप्रिल १५०६ मध्ये तिथून दंगल सुरू झाली आणि तीन दिवसांत, बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंना, ज्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, हजारोंच्या संख्येने मारण्यात आले. मारणारे ख्रिस्ती होते, आणि पास्काचा काळ चालू होता. चर्चबाहेर त्याचे स्मारक आहे. १९५९ च्या आगीत आतले खांब होरपळले, ते तसेच ठेवले आहेत. त्याच चौकात इन्क्विझिशनचा वाडा होता. तेच न्यायालय १५६० साली गोव्यात आले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले.

भाची जरा गप्प झाली. म्हणाली, "मामा, सुट्टीत हे कशाला?" तिचे चूक नाही. पण मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ख्रिस्तपुराणाच्या ओव्या म्हणायला लावतो, तेव्हा हा प्रश्न मलाही सुटत नाही. नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचायला मनाई होती. मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही द्या, अशी मागणी झाली, हे पुराणातच आले आहे. म्हणजे ज्या सत्तेने आपल्या पूर्वजांच्या हातून पोथ्या काढून घेतल्या, तिच्याच जहाजाने ही पोथी लिहिणारा आणून सोडला. एक सांगून दुसरे लपवावे असे मला वाटत नाही. मुले मोठी होऊन कुठेतरी वाचणारच. ते आपल्याकडून कळलेले बरे.

स्टीफन्स मात्र पोर्तुगीजही नव्हता. वाटेत मदेरा बेटांजवळ एका इंग्रज जहाजाने त्याच्या जहाजावर तोफा डागल्या, तेव्हा आपलेच एवढे देखणे जहाज असल्या कामाला लागलेले पाहून त्याला वाईट वाटले. दीडशेवर माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली, आणि ही हानी कमीच समजली गेली. २४ ऑक्टोबरला गोवा दिसला. पुढची चाळीस वर्षे तो साष्टीच्या लोकांत राहिला. त्यांची बोली शिकला, मराठी शिकला, आणि १६१६ साली रायतूर म्हणजे राशोल इथे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण छापले. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. लिस्बनला परत गेला नाही.

आमच्या भागात भाषेवरून काय काय होते ते वाचकांना ठाऊकच आहे. एक इंग्रज, पोर्तुगीजांच्या राज्यात, कोकणी लोकांसाठी मराठीत लिहितो. आज तो इथे असता तर कुठल्या बाजूला बसवला असता कोण जाणे.

भाचीने शेवटी पहिला दिवस साव दोमिंगो आणि साव रोकसाठी ठेवला, दुसरा बेलेंसाठी. तिसऱ्या दिवशी ट्राम आणि बाजार. मग तिने विचारले, "मामा, राशोलला तुम्ही कधी गेलात?"

गेलो नाही. चोर्ला घाटातून सकाळी निघाले तर दुपारच्या आत पोहोचता येते, आणि मी चाळिशी ओलांडली तरी गेलो नाही. पुढच्या महिन्यात वर्गातल्या मोठ्या मुलांना घेऊन जायचे ठरवले आहे. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर मला भेटावे.