सलाईनच्या बाटलीत नेमके काय असते?

पावसाळा लागला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या दवाखान्यांत ताप, उलट्या-जुलाब आणि डेंग्यूचे रुग्ण वाढतात. "डॉक्टर, फार अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा," ही मागणी तेव्हा नेहमीची. शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीला आपण सलाईन म्हणतो. प्रत्यक्षात या बाटल्या वेगवेगळ्या असतात आणि एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही.

मुख्य प्रकार

• नॉर्मल सलाईन (एनएस): 0.9 टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी. उलट्यांनंतर, रक्तदाब घसरल्यास किंवा औषध मिसळून देण्यासाठी वापरतात.
• रिंगर लॅक्टेट (आरएल): यात मिठासोबत पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते. जुलाब, भाजणे आणि शस्त्रक्रिया यांत उपयोगी.
• डेक्स्ट्रोज 5 टक्के (डी-5): 500 मिलीमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे पाच चमचे. ऊर्जा जेमतेम 100 कॅलरी.
• डीएनएस: मीठ आणि साखर दोन्ही. मधुमेह असल्यास आधीच सांगा.

अशक्तपणावर सलाईन घ्यावे का?

सलाईन हे टॉनिक नाही. रुग्णाला तोंडाने पिता येत असेल आणि उलटी होत नसेल, तर ओआरएस, पेज, ताक बहुतेक वेळा पुरते. अशक्तपणाचे कारण शोधणे अधिक महत्त्वाचे.

जास्त सलाईनचा धोका

डेंग्यूमध्ये ताप उतरण्याच्या सुमारास रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू शकते. म्हणून डॉक्टर रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट पाहून मात्रा ठरवतात. गरजेपेक्षा जास्त दिल्यास फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हा धोका अधिक असतो.

नातेवाइकांनी काय पाहावे?

500 मिलीची बाटली चार तासांत द्यायची असेल, तर 20 थेंबांना 1 मिली सोडणाऱ्या सेटमधून मिनिटाला सुमारे 42 थेंब जायला हवेत. नर्स हे मोजूनच चाक लावतात. लवकर घरी जाता यावे म्हणून ते फिरवू नका.

पुढीलपैकी काही दिसल्यास लगेच नर्सना बोलवा:

• सुईच्या जागी सूज, लाली किंवा वेदना
• थंडी वाजणे, अंगावर पुरळ, धाप लागणे
• नळीत रक्त येणे किंवा थेंब थांबणे
• बाटली संपत येणे

बाटली लावताना तीन गोष्टी जरूर विचारा: कोणती, कशासाठी आणि किती वेळात?