तिकिटावरची बारीक ओळ

ट्रॉयहून, म्हणजे मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयहून, डेट्रॉइटच्या विमानतळावर जायला पाऊण-एक तास लागतो. बाबा साताऱ्याहून आले होते आणि त्यांना मॅडिसनला माझ्या बहिणीकडे जायचे होते. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्यांना सवय. तिकिटावर नाव डेल्टाचे, क्रमांक डेल्टाचा, आणि खाली बारीक अक्षरांत 'ऑपरेटेड बाय एंडेव्हर एअर डीबीए डेल्टा कनेक्शन'. ट्रॉयच्या मराठी घरांत डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा. इथे अर्थ 'या नावाने धंदा करणारे'.

"म्हणजे गाडी कुणाची?" बाबांनी विचारले.

"भाड्याच्या शिवशाहीसारखं आहे. नाव एसटीचं, कंडक्टर एसटीचा, गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा."

बाबांना लगेच समजले, आणि म्हणूनच ते जरा गप्प झाले.

या ओळीचे मूळ गाव मेरीलँडमधले हेगर्सटाउन. तिथे अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सची विमाने उतरत, पण निम्मी रिकामी. गंमत अशी, की अ‍ॅलेघेनीसुद्धा मुळात लहानच. 1939 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात तिचा जन्म झाला तो टपालासाठी: विमान खाली न उतरता, खांबांमध्ये टांगलेली टपालाची पिशवी आकड्याने उचलून पुढे जाई. मग प्रवासी आले, विमाने मोठी झाली, आणि लहान गावे परवडेनाशी झाली. पण सरकारी परवान्यानुसार गाव सोडणे सोपे नव्हते.

हेगर्सटाउनमध्येच रिचर्ड हेन्सन नावाचा माजी चाचणी-वैमानिक छोटी विमाने चालवत होता. साडेबारा हजार पौंडांखालच्या विमानांना त्या काळी एअर टॅक्सी समजत. मोठ्या कंपन्यांच्या परवान्याची कटकट त्यांना नव्हती. 15 नोव्हेंबर 1967 ला त्याच्या विमानांनी 'अ‍ॅलेघेनी कम्युटर' या नावाने उड्डाण सुरू केले. वैमानिक आणि विमान हेन्सनचे. नाव, आरक्षण आणि वेळापत्रकातली जागा अ‍ॅलेघेनीची. गावाची सेवा टिकली, अ‍ॅलेघेनीचा तोटा टळला. मला हा करार अजूनही प्रामाणिक वाटतो, कारण त्यात लपवण्यासारखे फारसे नव्हते; गावातल्या माणसांना हेन्सन ठाऊकच होता.

लपवाछपवीला सोय झाली ती पुढे. 1978 च्या कायद्याने विमानसेवेवरची भाड्याची आणि मार्गांची सरकारी बंधने उठवली. तिकिटे तेव्हा एजंट काढत, आणि एजंट पडद्यावरच्या वरच्या दोन-चार ओळींपलीकडे क्वचितच जात. एकाच कंपनीच्या दोन विमानांची जोडणी पडद्यावर वर दिसे, दोन वेगळ्या कंपन्यांची खाली. मग छोट्या कंपनीच्या विमानाला आपली दोन अक्षरे लावली की काम झाले! 1984 च्या सुमारास जो तो हेच करू लागला. मिनेसोटाची मेसाबा 'नॉर्थवेस्ट एअरलिंक' झाली, सिनसिनाटीची कॉमएअर 'डेल्टा कनेक्शन'.

पैशाचा व्यवहारही बदलत गेला. सुरुवातीला तो बटाईचा होता: तिकिटाच्या पैशात दोघांचा वाटा, पीक बुडाले तर दोघांचेही बुडाले. नंतर सालगडी ठेवण्याची पद्धत आली. भाडे, वेळापत्रक आणि इंधनाचा खर्च मोठ्या कंपनीकडे; छोटीने ठरल्याप्रमाणे विमान उडवायचे आणि ठरलेला मोबदला घ्यायचा. विमान भरले की रिकामे गेले, हा प्रश्न तिचा नाही. खर्च कमी ठेवला तरच तिच्या हाती काही उरते, आणि कमी करण्याजोगा खर्च म्हणजे बहुधा पगार. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी हा धोका ओळखून आपल्या करारांत कुंपण घातले. डेल्टा कनेक्शनच्या विमानात 76 च्या वर आसने नसतात, ती विमानात मावत नाहीत म्हणून नव्हे, या कुंपणामुळे.

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूअर्कहून निघालेले विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. 50 माणसे गेली. तिकिटे कॉन्टिनेंटलची होती, विमान कोलगन एअरचे. कोण उडवते हे सांगण्याचा सरकारी नियम 1999 पासूनच होता. पण 2010 च्या कायद्याने वेबसाइटवर उड्डाण दिसताक्षणी, त्याच्या शेजारीच ते नाव दाखवणे बंधनकारक केले. सहवैमानिकालाही साधारणपणे दीड हजार तासांचा अनुभव हवा, हा नियमही त्याच कायद्याचा.

बाबांच्या तिकिटावरच्या एंडेव्हरचे गोत्र काढले तर ते इथेच येऊन भिडते. 1985 ची एक्स्प्रेस एअरलाइन्स वन पुढे पिनॅकल झाली. पिनॅकलने 2007 मध्ये कोलगन घेतली, 2010 मध्ये मेसाबा. 2012 मध्ये तिचे दिवाळे निघाले, तेव्हा डेल्टाने तिला पदरात घेतले आणि नवे नाव ठेवले. म्हणजे ठेकेदार आता मालकाच्याच घरचा, पण त्याची चूल अजून वेगळी आहे. बाबांना हे विमानतळाच्या वाटेवर सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "मग आता तरी पगार नीट देतात का?"

हेन्सनची कंपनी 1983 मध्ये पिडमाँट या विमान कंपनीने विकत घेतली. पुढे अ‍ॅलेघेनीची वारस असलेल्या यूएसएअरने पिडमाँटलाही पोटात घेतले, आणि ते नाव वाया जाऊ नये म्हणून 1993 मध्ये हेन्सनच्या कंपनीला दिले. ती आजही उडते. विमानावर 'अमेरिकन ईगल' असते, आणि तिकिटावर खाली बारीक अक्षरांत पिडमाँट.