सफर आणि सफारी

उल्हासनगर कॅम्प ५ मधले कित्येक पत्ते आजही ‘बॅरेक नंबर’ने सुरू होतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली, तिच्या या बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांची तिथे सोय झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. साम्राज्य आवरते घेणाऱ्या त्याच इंग्रजांनी १९४८ साली केनियात त्सावो राष्ट्रीय उद्यान जाहीर केले होते. त्याचा विस्तार वीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या दुपटीपेक्षा जास्त. इकडे रिकाम्या बराकींत माणसे भरली जात होती आणि तिकडे एक मुलूख माणसांपासून मोकळा केला जात होता.

दिवाळीच्या सुटीत आफ्रिकेच्या सफारीला निघणाऱ्यांना जे अरण्य दाखवले जाते, त्याचे वर्णन बहुधा ‘मानवी स्पर्श न झालेले’ असे असते. इतिहासाला हे वर्णन मानवत नाही.

शब्दापासूनच पाहू. आपण फारसीतून ‘सफर’ घेतली, किनाऱ्यावरच्या स्वाहिलीने अरबीतून ‘सफारी’ घेतली, मूळ एकच. स्वाहिलीत त्याचा अर्थ नुसता प्रवास. एकोणिसाव्या शतकात तो प्रवास मुख्यतः व्यापारी तांड्यांचा असे. हमालांच्या रांगा हस्तिदंत डोक्यावर घेऊन समुद्राकडे येत आणि काही तांड्यांत विकायला आणलेली माणसेही असत. त्यात वन्यप्राणी पाहण्याची हौस कुठेच नव्हती.

ती हौस आगगाडीबरोबर आली. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत युगांडा रेल्वे बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेले, त्यांतले बहुतेक पंजाबचे. ते जहाजावर चढत कराचीला, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. मजूर आणि रसद पुरवण्याचे मोठे कंत्राट अलीभाई मुल्ला जीवनजी या कराचीकर बोहरी व्यापाऱ्याकडे होते. पन्नास वर्षांनी याच बंदरातून सिंधी कुटुंबे मुंबईच्या बोटीत बसली.

१८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी नऊ महिने मजुरांच्या छावण्यांत धुमाकूळ घातला. शेवटी काम बंद पडले आणि घाबरलेले मजूर मिळेल त्या गाडीने पळाले. पुलावरचा इंजिनिअर जॉन पॅटरसन याने डिसेंबरात दोन्ही सिंह मारले आणि १९०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यात २८ हिंदी मजुरांचा बळी गेल्याचे तो सांगतो. आफ्रिकी मेले त्यांची नोंदच नाही, हेही सांगतो. पुढे त्याने हा आकडा १३५ वर नेला. २००९ साली सिंहांच्या केसांचे आणि हाडांचे रासायनिक पृथक्करण झाले, त्यातून ३५च्या आसपास असा अंदाज निघाला. कातडी त्याने शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली. त्यात पेंढा भरलेले ते सिंह आजही तिथे आहेत. पण ताप, हगवण आणि अपघात यांनी या रेल्वेवर अडीच हजारांच्या आसपास हिंदी मजूर मेले. चित्रपट निघाला तो सिंहांवर.

मार्ग तयार होताच शिकारी आले. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच रेल्वेने, इंजिनाच्या पुढच्या बाकावर बसून, रान पाहत गेले. त्या दौऱ्यात बापलेकांनी ५१२ जनावरे मारली.

मग हा मुलूख निर्मनुष्य दिसला कसा? एक कारण बुळकांडी. १८८७च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग ईशान्य आफ्रिकेत शिरला आणि दहा वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. पूर्व आफ्रिकेतली बहुतेक गुरे गेली, मसाईंसारखे पशुपालक उपाशी मेले. गोऱ्यांनी जे पाहिले ते बरेचसे उजाड झालेले रान होते.

दुसरे कारण कायदा. त्सावोच्या परिसरात ‘वाता’ लोक लांब धनुष्याने आणि विषारी बाणांनी पिढ्यान्‌पिढ्या हत्ती मारत आले होते. उद्यान झाल्यावर ते एका फटक्यात चोर ठरले. १९५६-५७ च्या मोहिमेत वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक आणि त्याच्या साथीदारांनी त्यांच्यातले बरेच जण पकडून तुरुंगात घातले. (आपल्या फासेपारध्यांची इथे आठवण व्हावी.) हस्तिदंताचा व्यापार हत्तींच्या मुळावर आला होता हे खरेच, पण पैसे भरून परवाना घेणाऱ्या पाहुण्यांची शिकार केनियात १९७७ पर्यंत कायदेशीर होती. शेजारच्या टांगानिकात १९५९ मध्ये मसाईंना सेरेनगेटीतून हलवून गोरोंगोरोच्या बाजूला नेले. त्यांना तिथे राहू देण्याचे वचन मिळाले होते. तिथूनही त्यांना हलवण्याचे प्रयत्न आजतागायत चालू आहेत.

नैरोबीहून त्सावोकडे जाताना मोंबासा रस्त्यावर माकिंदू लागते. रेल्वेच्या कामावर आलेल्या शीख कारागिरांनी तिथे गुरुद्वारा उभारला, आजची वास्तू १९२६ची. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे लंगर आणि रात्रीचा निवारा फुकट मिळतो. सफारीच्या गाड्याही तिथे थांबतात.